अ‍ॅल्युमिनावरच्या निकेलला पोटॅशियम किती द्यावे, आणि ते नेमके बसते कुठे?

कोल्हापुरात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गॅमा अ‍ॅल्युमिनावर (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा सच्छिद्र प्रकार) १० टक्के निकेल घेऊन इथेनॉलचे स्टीम रिफॉर्मिंग, म्हणजे वाफेबरोबर प्रक्रिया करून हायड्रोजन मिळवणे, चालू आहे. नुसत्या निकेलवर इथिलीन भरपूर निघते आणि काही तासांत कॅटॅलिस्ट (प्रक्रियेचा वेग वाढवणारा उत्प्रेरक) कार्बनने काळवंडतो. १ टक्का पोटॅशियम घातल्यावर इथिलीन जवळजवळ थांबले आणि कार्बनही घटला. ५ टक्के घातल्यावर कार्बन आणखी घटला, पण रूपांतरण (किती इथेनॉल खर्ची पडले ते) धाडकन खाली आले. वाचलेल्या निबंधांत कुठे पोटॅशियमला प्रमोटर, म्हणजे कॅटॅलिस्टला मदत करणारा घटक, म्हटले आहे, तर कुठे विष. खरे काय? प्रमाण किती धरावे? पोटॅशियमऐवजी सोडियम चालेल का?

ताई, तुमचे दोन्ही निकाल बरोबर आहेत आणि एकमेकांशी जुळतातही. तुमच्या कॅटॅलिस्टला ०.५ ते १.५ टक्के पोटॅशियम पुरेल असे माझे मत आहे. त्यापुढे जायचे असेल तर त्याचे कारण हाताशी असावे. पण हा आकडा तसाच उचलून दुसऱ्या अ‍ॅल्युमिनाला लावू नका, कारण वजनी टक्का पोटॅशियमबद्दल फारच थोडे सांगतो. निबंधांमधला विरोधाभास बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. पोटॅशियम कुठे जाऊन बसले यावर सगळे ठरते. म्हणून आधी अणू मोजू.

पोटॅशियमचा अणुभार ३९.१ आहे. एक ग्रॅम कॅटॅलिस्टमध्ये १ टक्का म्हणजे १० मिलिग्रॅम, म्हणजे ०.२५६ मिलीमोल. निकेल १० टक्के, अणुभार ५८.७, म्हणजे १.७ मिलीमोल. या हिशेबाने दर सात निकेल अणूंमागे एक पोटॅशियम येते आणि प्रमाण किरकोळ वाटते. पण प्रक्रिया पृष्ठभागावरच्या निकेलवर होते, कणाच्या पोटातल्या निकेलवर होत नाही. तुमचे निकेल कण २० नॅनोमीटरच्या आसपास असतील, तर साधारण ५ टक्केच निकेल अणू उघडे असतात, म्हणजे ग्रॅममागे ०.०८५ मिलीमोल. त्याच्याशी तुलना केली तर १ टक्का पोटॅशियम उघड्या निकेलच्या तिप्पट भरते आणि ५ टक्के पोटॅशियम पंधरापट. हे सगळे निकेलवर जाऊन बसले असते, तर १ टक्क्यालाच तुमचा कॅटॅलिस्ट मेला असता. तो मेला नाही. याचा अर्थ पहिले पोटॅशियम दुसरीकडे गेले, आणि ते गेले अ‍ॅल्युमिनावर.

गॅमा अ‍ॅल्युमिनाचा पृष्ठभाग शांत नसतो. त्यावर हायड्रॉक्सिल गट असतात. ४००-५०० अंशांना तापवल्यावर त्यातले बरेच पाणी होऊन निघून जातात आणि ज्यांचा ऑक्सिजनचा शेजार अपुरा राहिला आहे असे अ‍ॅल्युमिनियम आयन उघडे पडतात. तीच लुईस आम्ल स्थाने, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या जागा. इथेनॉल त्यांच्यावर आले की पाणी टाकून इथिलीन होते. तापमान कमी असेल तर डायएथिल ईथरही होते. इथिलीन तिथेच किंवा शेजारच्या निकेलवर एकमेकांना जोडले जाते, हायड्रोजन गमावत जाते आणि शेवटी कोक, म्हणजे घट्ट कार्बनचा थर, होतो. तुमच्या रिअ‍ॅक्टरच्या नळीत दिसणारा कार्बन बऱ्याच अंशी याच वाटेने आलेला आहे.

पोटॅशियमचे मीठ पाण्यात विरघळवून अ‍ॅल्युमिनावर घातले, वाळवले, तापवले, की पोटॅशियम आयन आधी या आम्लीय जागांच्या आणि हायड्रॉक्सिलच्या शेजारी जाऊन बसतात. पंगतीत पुढच्या पाटांवर आधी माणसे बसावीत तसेच हे आहे. ते पाट भरले की मगच पुढच्या पोटॅशियमला इतर जागा शोधाव्या लागतात. तुमच्या अ‍ॅल्युमिनाचे क्षेत्रफळ ग्रॅममागे १५० चौरस मीटर धरले, तर १ टक्का पोटॅशियम म्हणजे दर चौरस नॅनोमीटरला साधारण एक अणू आणि ५ टक्के म्हणजे पाच. गॅमा अ‍ॅल्युमिनावर अमोनिया टीपीडीने (अमोनिया शोषवून, तापमान वाढवत तो किती सुटतो ते बघून) मोजलेली आम्लीय स्थाने ग्रॅममागे काही दशांश मिलीमोल भरतात. तुमचे ०.२५६ त्याच पट्ट्यात बसते, म्हणूनच १ टक्क्यालाच इथिलीन जवळजवळ थांबले. ५ टक्क्यांचे १.२८ मिलीमोल त्या जागांपेक्षा कितीतरी जास्त आहे. उरलेले निकेलवर, निकेल आणि अ‍ॅल्युमिनाच्या सीमेवर आणि छिद्रांच्या तोंडाशी जाणारच.

हे पडताळायला महागडे उपकरण लागत नाही. निकेल न घालता फक्त पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनाचे नमुने करा: शून्य, ०.५, १, २ आणि ५ टक्के. त्यांच्यावरून इथेनॉल आणि वाफ त्याच तापमानाला सोडा आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर इथिलीन मोजा. ज्या प्रमाणाला इथिलीन सपाट खाली येते, तिथे आधाराची, म्हणजे निकेल ज्यावर बसते त्या अ‍ॅल्युमिनाची, आम्लीयता मिटली. त्यापुढे घातलेले पोटॅशियम आधारासाठी नाही, ते धातूशी व्यवहार करण्यासाठी आहे असे धरा. माझ्या मते तुमच्या प्रबंधातला सर्वांत बोलका आलेख हाच ठरेल, आणि तो बहुतेक जण काढतच नाहीत.

एक इशारा. आम्लीयता मिटली की इथेनॉल इथिलीनची वाट सोडून हायड्रोजन टाकून अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या वाटेने जाते. निकेलवर अ‍ॅसिटाल्डिहाइड तुटून मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड होतात आणि ते वाफेबरोबर पुढे जातात. पण आधार खूप आम्लारी झाला तर त्याच अ‍ॅसिटाल्डिहाइडपासून अ‍ॅसिटोन आणि आणखी जड पदार्थ होऊ लागतात. तुमच्या ५ टक्क्यांच्या नमुन्यात खाली जमणाऱ्या द्रवात अ‍ॅसिटोनची शिखरे दिसतात का, ते बघा. दिसली तर रूपांतरण पडण्याचे सगळे खापर निकेलवर फोडता येणार नाही.

आता निकेलवर काय होते ते बघू. विषयाचा खरा गाभा इथे आहे. निकेलच्या कणावर सपाट पृष्ठे असतात आणि त्यांच्या कडेला पायऱ्या असतात. पायरीवरचे अणू जास्त उघडे आणि जास्त क्रियाशील असतात. मिथेनचा बंध तिथे सहज तुटतो, आणि ग्रॅफाइटचा पहिला तुकडाही तिथेच रुजतो. पोटॅशियमलाही बसायला पायऱ्याच जास्त आवडतात. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात गणिताने आणि प्रयोगाने हे चित्र स्पष्ट केले आणि गंधक व सोने यांनाही याच जागा आवडतात हेही दाखवले. ग्रॅफाइट रुजायला एकमेकांना लागून असलेल्या बऱ्याच मोकळ्या निकेल अणूंची जागा लागते, तर रिफॉर्मिंगला त्याहून लहान जागा पुरते. म्हणून थोडेसे पोटॅशियम पायऱ्यांवर बसले की आधी कार्बनची मुळे तुटतात आणि प्रक्रिया थोडी मंदावते. आणखी पोटॅशियम आले की प्रक्रियेच्याही जागा जातात. कार्बन थांबला आहे पण प्रक्रिया अजून चालू आहे, असा एक अरुंद पट्टा मधे असतो. तुम्हाला शोधायचा आहे तो हा पट्टा.

याशिवाय पोटॅशियम दोन कामे आणखी करते. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ते स्वतःजवळ ओढून धरते, त्यामुळे कार्बनशेजारी ऑक्सिजनचा पुरवठा वाढतो. आणि कार्बनचे वाफेने वायूत रूपांतर व्हायला ते स्वतःच कॅटॅलिस्ट म्हणून मदत करते. कोळशाच्या गॅसिफिकेशनमध्ये पोटॅशियम कार्बोनेट याच कारणासाठी वापरतात. म्हणजे कार्बन घटल्याची कारणे तीन झाली: आम्लीयता मिटली, पायऱ्या झाकल्या आणि कार्बनचा वायू होऊ लागला. तुमच्या १ टक्क्याच्या नमुन्यात पहिले कारण मोठे असावे आणि ५ टक्क्यांच्या नमुन्यात उरलेली दोन.

पाठ्यपुस्तकात मात्र अल्कलीचे (पोटॅशियम, सोडियम यांच्या गटाचे) नाव निघाले की इलेक्ट्रॉन देण्याची गोष्ट आधी येते. तीही खरी आहे, पण ती कुठून आली हे लक्षात ठेवा. जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीत अल्विन मिटाश यांच्या चमूने अमोनियासाठी हजारो मिश्रणे तपासली. स्वीडनच्या मॅग्नेटाइट खनिजापासून केलेले लोखंड इतके चांगले का चालते याचा माग काढताना त्यातल्या अ‍ॅल्युमिना आणि अल्कलीसारख्या घटकांचे महत्त्व उलगडले. १९१३ मध्ये ओप्पाऊचा अमोनिया कारखाना सुरू झाला. गेरहार्ड एर्टल यांना २००७ चे नोबेल मिळाले ते घन पृष्ठभागांवरच्या रासायनिक प्रक्रियांच्या अभ्यासासाठी. लोखंडाशेजारी पोटॅशियम असेल तर नायट्रोजनचा रेणू कसा सोपेपणाने तुटतो, हेही त्यांनी दाखवले. पण तिथे अ‍ॅल्युमिना आधार म्हणून नव्हता. लोखंडात काही टक्के मिसळलेला अ‍ॅल्युमिना लोखंडाचे क्षेत्रफळ टिकवत होता. पोटॅशियम ते क्षेत्रफळ थोडे कमी करत होते, पण उरलेल्या प्रत्येक जागेचा वेग वाढवत होते. तुमच्याकडे अ‍ॅल्युमिना नव्वद टक्के आहे आणि पोटॅशियमला ओढून घेणारा तोच आहे.

दुसरे असे की स्फटिकावरच्या त्या प्रयोगांत पोटॅशियम धातूच्या रूपात बसवतात. तुमच्या नळीत ते धनभारित आयन असते, शेजारी ऑक्साइड, हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट घेऊन. त्याचा विद्युत परिणाम काही अँगस्ट्रॉमपलीकडे पोचत नाही. निकेलपासून दूर अ‍ॅल्युमिनावर बसलेला पोटॅशियम आयन निकेलला इलेक्ट्रॉन देत नाही, कितीही टक्के घातले तरी. इलेक्ट्रॉनचा परिणाम दाखवायचा असेल तर कार्बन मोनॉक्साइड शोषवून इन्फ्रारेड वर्णपट घ्या. धातूकडून कार्बन मोनॉक्साइडकडे जाणारे इलेक्ट्रॉन वाढले की त्याचा बंध सैल होतो आणि पट्टी कमी आकड्याकडे सरकते. प्लॅटिनमवर २०७० प्रति सेंटिमीटरच्या आसपासची पट्टी पोटॅशियमने अशी खाली येते. पट्टी सरकली नसेल तर इलेक्ट्रॉनचे वाक्य निबंधातून काढून टाका.

धातू बदलला, प्रक्रिया बदलली, की हाच गुण दोष होतो. निकेलवर किंवा ऱ्होडियमवर कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करताना पोटॅशियम घातले, तर मिथेन घटून कार्बन मोनॉक्साइड वाढताना दिसते, कारण पृष्ठभागावरचा हायड्रोजन कमी पडतो. मिथेन हवे असणाऱ्याला ते विष आणि कार्बन मोनॉक्साइड हवे असणाऱ्याला प्रमोटर. त्याच वेळी कोलंबिया विद्यापीठातल्या रॉबर्ट फराउटो यांच्या गटाने अ‍ॅल्युमिनावर रुथेनियम आणि सोडियम एकत्र ठेवून असा पदार्थ केला की सोडियम धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडते आणि मग हायड्रोजन दिला की रुथेनियम त्याचे मिथेन करते. प्लॅटिनमच्या बाबतीत टफ्ट्स विद्यापीठातल्या मारिया फ्लित्झानी-स्टेफानोपूलोस यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले की सोडियम आणि पोटॅशियम हे प्लॅटिनमचे ऑक्सिजन व हायड्रॉक्सिलयुक्त लहान समूह टिकवतात आणि कार्बन मोनॉक्साइड व वाफेची शिफ्ट प्रक्रिया (दोन्हींपासून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करणारी) कमी तापमानाला चालू होते. प्रोपेनपासून प्रोपिलीन करणाऱ्या प्लॅटिनम-टिनच्या आणि क्रोमियाच्या कॅटॅलिस्टमध्ये अल्कलीचे मुख्य काम पुन्हा तेच, अ‍ॅल्युमिनाची आम्लीयता मारणे.

आता तयारीकडे येतो. निकाल बिघडतात ते बहुतेक इथेच.

सर्वांत आधी तुमच्या अ‍ॅल्युमिनात सोडियम किती आहे ते बघा. बॉक्साइटपासून बेयर पद्धतीने काढलेल्या अ‍ॅल्युमिनात कॉस्टिक सोड्याचे सोडियम काही दशांश टक्के राहते. अल्कॉक्साइडपासून केलेल्या अ‍ॅल्युमिनात ते फारच कमी असते. समजा बाटलीवर सोडियम ऑक्साइड ०.३ टक्के लिहिले आहे. ग्रॅममागे ते जवळजवळ ०.१ मिलीमोल सोडियम झाले, म्हणजे तुमच्या १ टक्का पोटॅशियमच्या सुमारे चाळीस टक्के अल्कली तुम्ही बाटली उघडण्याआधीच आत होती. त्यातले काही अ‍ॅल्युमिनाच्या आत अडकलेले असेल, पण हिशेबात ते धरायलाच हवे. ‘शून्य पोटॅशियम’ म्हणून दाखवलेला नमुना खरोखर शून्य होता का, हा प्रश्न मी परीक्षक असतो तर पहिला विचारला असता. निकेल सोडियम कार्बोनेटने अवक्षेपित करून नीट न धुतले तरी हीच गडबड होते. धुण्याला आणि द्रावणाला नळाचे पाणी वापरू नका. डीआयोनाइज्ड पाणीच घ्या.

मीठ कुठले घ्यावे? क्लोराइड नको. क्लोरीन अ‍ॅल्युमिनावर राहून आम्लीयता वाढवते, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे झाले. नायट्रेट सोपे आहे, पण पोटॅशियम नायट्रेट ३३४ अंशांना वितळते आणि त्याचे पूर्ण विघटन व्हायला निकेल नायट्रेटपेक्षा बरेच जास्त तापमान लागते. ४५० अंशांना कॅल्सिनेशन (हवेत तापवणे) करून थांबलात तर काही नायट्रेट तसेच राहते आणि हायड्रोजनमध्ये रिडक्शन (निकेल ऑक्साइडचे निकेल) करताना उष्णता सोडते. कार्बोनेट किंवा अ‍ॅसिटेट मला जास्त पसंत आहे. हायड्रॉक्साइडचे तीव्र द्रावण अ‍ॅल्युमिनाचा पृष्ठभाग थोडा विरघळवू शकते, म्हणून ते टाळा.

क्रम कोणता? आधी पोटॅशियम घालून कॅल्सिनेशन करा आणि मग निकेल घाला, असे मी सांगेन. तुम्ही एकाच द्रावणात दोन्ही घातले असतील, तर पोटॅशियम निकेलबरोबर एकत्र स्फटिकात जाते आणि निकेलवर चढण्याची शक्यता वाढते. आधी निकेल आणि वरून पोटॅशियम घातले तर ती शक्यता आणखी वाढते. अर्थात निकेलवरचाच परिणाम बघायचा असेल तर तोच क्रम हवा. आधी पोटॅशियम घालण्यातही एक अडचण आहे. दुसऱ्या वेळच्या द्रावणात सैल बसलेले पोटॅशियम विरघळून पुन्हा हलते, आणि आम्लारी पृष्ठभागावर निकेल हायड्रॉक्साइडच्या रूपात लगेच बसू लागते. म्हणून निकेलच्या द्रावणाचे आकारमान छिद्रांच्या आकारमानाएवढेच घ्या, जास्त घेऊन गाळू नका, आणि सावकाश वाळवा. प्लॅटिनमवर काम करणाऱ्यांनी हे जास्तच सांभाळावे. क्लोरोप्लॅटिनिक आम्लाचा ऋण आयन धनभारित अ‍ॅल्युमिनावर बसतो, आणि अ‍ॅल्युमिनाचा भार सामू आठच्या आसपास शून्य होतो. पोटॅशियमने सामू वर गेला की प्लॅटिनम बसतच नाही.

पावडरऐवजी गोळ्या वापरत असाल तर एक सोपी चाचणी नक्की करा. पोटॅशियम घातलेली, अजून निकेल न घातलेली पांढरी गोळी ब्लेडने मधोमध कापा, पाण्याने किंचित ओली करा आणि कापलेल्या तोंडावर फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब सोडा. अल्कली जिथे जास्त, तिथे गुलाबी रंग जास्त गडद. वाळवण घाईने झाली असेल तर कडेला गडद गुलाबी वर्तुळ येते आणि मध्य फिका राहतो, कारण पाणी बाहेर येताना विरघळलेले मीठ सोबत ओढते. कारखान्यातल्या गोळ्यांमध्ये अशी वर्तुळे मी पाहिली आहेत. सरासरी पोटॅशियम अगदी ठरल्याप्रमाणे आणि बाहेरच्या अर्ध्या मिलीमीटरमध्ये त्याच्या कितीतरी पट. अशा गोळीत बाहेरचे निकेल गुदमरते आणि आतला अ‍ॅल्युमिना आम्लीयच राहतो.

मोजमापातले काही सापळे सांगतो. हायड्रोजन केमिसॉर्प्शनचा (निकेलवर किती हायड्रोजन बसतो याचा) आकडा पोटॅशियम घातल्यावर घटला, तर लगेच ‘निकेलचे कण मोठे झाले’ असे लिहू नका. कण तेवढेच राहून नुसते झाकले गेले असतील. क्ष-किरण विवर्तन किंवा टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र) घेऊन आकार बघा. आकार तोच आणि केमिसॉर्प्शन कमी, म्हणजे पोटॅशियम निकेलवर चढले याचा तुम्हाला मिळणारा सर्वांत चांगला पुरावा. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्ये ओळखण्याच्या चाचणीत) पोटॅशियमची २९३ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळची रेषा कार्बनच्या २८५ च्या शिखराला चिकटून असते. वापरलेल्या, कार्बन साठलेल्या नमुन्यात ती नीट वेगळी करून घ्या. कार्बन डायऑक्साइड टीपीडीत मोठे शिखर आले म्हणजे कॅटॅलिस्ट चांगला असे होत नाही. घट्ट धरून ठेवलेले कार्बोनेट प्रक्रियेच्या काहीच कामाचे नसते.

आणि तापमान वाढवत कार्बन जाळण्याच्या चाचणीकडे, म्हणजे टीपीओकडे, विशेष लक्ष द्या. पोटॅशियमच्या नमुन्यात शिखर कमी तापमानाला आले की लोक लिहितात, ‘कार्बन मऊ, अस्फटिक प्रकारचा आहे.’ पण पोटॅशियम स्वतःच कार्बन जळण्याचा वेग वाढवते. तोच तंतूमय कार्बन पोटॅशियमच्या सोबतीने लवकर जळला असेल. कार्बनचा प्रकार ठरवायला रामन वर्णपट किंवा टीईएम घ्या. टीजीएमध्येही (तापवताना वजन मोजण्याच्या चाचणीत) पोटॅशियमने धरलेले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून वजन घटते, ते कार्बनच्या खात्यावर मांडू नका.

कोल्हापूरच्या पावसाळ्याचाही विचार करा. पोटॅशियम कार्बोनेट हवेतले पाणी ओढते. जून ते सप्टेंबर उघड्या बाटलीत ठेवलेला ५ टक्क्यांचा नमुना ओलसर होतो, वजन फसवते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही धरतो. नमुने डेसिकेटरमध्ये ठेवा आणि प्रत्येक चाचणीआधी त्याच तापमानाला, तेवढाच वेळ तापवून घ्या.

रूपांतरण कोणत्या स्थितीत मोजले हेही तपासा. ६०० अंशांना भरपूर कॅटॅलिस्ट घेतला की रूपांतरण १०० टक्क्यांवर अडकते आणि अर्धा कॅटॅलिस्ट मेला तरी दिसत नाही. ‘पोटॅशियमने स्थिरता वाढली’ असे म्हणायचे तर कॅटॅलिस्ट कमी घ्या किंवा प्रवाह वाढवा, सुरुवातीचे रूपांतरण पन्नास-साठ टक्क्यांवर आणा आणि मग घसरण मोजा.

प्रयोगशाळेत सहसा न विचारला जाणारा आणि कारखान्यात पहिला विचारला जाणारा प्रश्न असा: घातलेले पोटॅशियम राहते का? गरम वाफेत ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड होऊन हळूहळू उडते. नॅफ्थाच्या (खनिज तेलाच्या हलक्या भागाच्या) स्टीम रिफॉर्मिंगच्या कॅटॅलिस्टमध्ये अल्कली लागतच होती, पण ती उडून पुढच्या थंड भागांत आणि वेस्ट हीट बॉयलरमध्ये बसत असे. ब्रिटनच्या आयसीआय या रसायन कंपनीने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी पोटॅशियम हे पोटॅशियम अ‍ॅल्युमिनोसिलिकेटच्या, म्हणजे कॅल्सिलाइटच्या रूपात बांधून ठेवले. त्यातून ते अगदी सावकाश सुटत राहते, कार्बन थोपवायला पुरेल एवढे पृष्ठभागावर असते आणि साठा दीर्घकाळ टिकतो.

तुमच्याकडे हे मोजण्याचे साधन जवळच आहे. फ्लेम फोटोमीटर माती परीक्षणाच्या बहुतेक प्रयोगशाळांत असतो, आणि ऊस पट्ट्यात अशा प्रयोगशाळांना तोटा नाही. रिअ‍ॅक्टरनंतर जमणारे पाणी फेकू नका. दर काही तासांनी त्याचा नमुना घ्या आणि त्यात पोटॅशियम बघा. धाव संपल्यावर बेडच्या (नळीतल्या कॅटॅलिस्टच्या थराच्या) वरचा, मधला आणि खालचा कॅटॅलिस्ट वेगळा काढून आम्लात विरघळवून प्रत्येकातले पोटॅशियम मोजा. वरचे घटले आणि खालचे वाढले असेल, तर ते प्रवाहाबरोबर सरकते आहे. ‘कॅटॅलिस्ट हळूहळू सुधारत गेला’ असे काही वेळा दिसते, त्यामागे निकेलवरचे जादा पोटॅशियम उडून गेलेले असू शकते.

सोडियमबद्दल. चालेल, पण तुलना मिलीमोलने करा. १ टक्का सोडियम म्हणजे ०.४३५ मिलीमोल, म्हणजे १.७ टक्के पोटॅशियमच्या बरोबरीचे. १ टक्का सीझियम म्हणजे फक्त ०.०७५ मिलीमोल. सगळे १ टक्क्याला ठेवून ‘सोडियम वाईट, सीझियम चांगले’ असा निष्कर्ष काढणारा तक्ता काहीच सिद्ध करत नाही. लिथियमचा आयन लहान असतो. तो तापवल्यावर अ‍ॅल्युमिनाच्या जाळ्यात शिरतो आणि पृष्ठभागावर थोडाच उरतो. पोटॅशियम आणि सीझियम मोठे, म्हणून पृष्ठभागावर राहतात. त्यांची आम्लारिता जास्त, पण उडण्याची ओढही जास्त. नुसती आम्लीयता मिटवायची असेल तर मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा लँथॅनमचाही विचार करा. ते वाफेत उडत नाहीत. नैसर्गिक वायूच्या रिफॉर्मिंगमध्ये मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेटचे आधार याच कारणासाठी रुळले आहेत. तुमच्या तुलनेत मॅग्नेशियमचा एक नमुना तरी असावा असे मला मनापासून वाटते.

आपल्या भागात आणखी एक कल्पना सारखी पुढे येते: डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशची (ऊर्ध्वपातनानंतर उरणाऱ्या सांडपाण्याची) राख पोटॅशने भरलेली असते, मग तीच कॅटॅलिस्टला का वापरू नये? खत म्हणून ती उत्तम आहे, पण निकेलसाठी नको. तिच्यात पोटॅशियमबरोबर सल्फेट आणि क्लोराइड असतात. हायड्रोजनमध्ये तापवल्यावर सल्फेटचे सल्फाइड होते आणि गंधक निकेलला कायमचे धरून बसते. इथेनॉलमध्ये पोटॅशियम येत नाही, ते ऊर्ध्वपातनात मागे राहते. पण मळीपासूनच्या इथेनॉलमध्ये गंधकाचे अंश असू शकतात, म्हणून डिस्टिलरीचे इथेनॉल वापरताना एक धाव शुद्ध प्रयोगशाळा-दर्जाच्या इथेनॉलवर घेऊन तुलना करा. नाहीतर गंधकाने केलेले नुकसान पोटॅशियमच्या नावावर लिहिले जाईल. पुढे बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) गॅसिफिकेशनचा वायू शुद्ध करायला हाच कॅटॅलिस्ट वापरणार असाल, तर तिथे पोटॅशियम वायूबरोबर आपोआप येते आणि बेडवर साठत जाते. अशा कामासाठी सुरुवातीला मुळीच न घातलेले बरे.

तर पुढच्या महिन्याभरात मी तुमच्या जागी असतो तर काय केले असते? आधी अ‍ॅल्युमिनातले सोडियम मोजले असते. मग निकेलविना पोटॅशियमच्या नमुन्यांवर इथिलीनचा आलेख काढला असता. इथिलीन जिथे सपाट होते ते प्रमाण, त्याच्या निम्मे आणि त्याच्या दीडपट, असे तीन नमुने कार्बोनेटपासून, पोटॅशियम आधी आणि निकेल नंतर, या क्रमाने केले असते. मधल्या प्रमाणाचा आणखी एक नमुना उलट क्रमाने केला असता. चारही नमुन्यांची केमिसॉर्प्शन आणि कणांचा आकार, पन्नास टक्क्यांच्या आसपासच्या रूपांतरणावर घसरण, आणि जमलेल्या पाण्यातले पोटॅशियम मोजले असते. सरळ आणि उलट क्रमाच्या नमुन्यांत मोठा फरक आला, तर पोटॅशियम कुठे बसले याचे उत्तर तुमच्या हातात आले. फरक आला नाही, तर कॅल्सिनेशनमध्ये किंवा वाफेत ते फिरून एकसारखे पसरले आहे, आणि मग कॅल्सिनेशनचे तापमान पन्नास अंशांनी कमी करून तेच दोन नमुने पुन्हा करावे लागतील.